कावळ्याची मान आणि वकिलांचा कोट

कावळा कुठल्या रंगाचा असतो, असं कुणी विचारलं तर तुम्ही-आम्ही काय सांगणार? काळा. त्यात विचार करायचा काय? एकोणीसशे एक्कावन्न सालच्या जूनमध्ये कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या अडतीस पोरांनी हेच उत्तर दिलं, आणि तेही असं ठासून, की शेजारचा वर्ग दचकला. नेमगोंडा मगदूम मास्तर सृष्टिज्ञानाचं पुस्तक हातात धरून उभे होते. ते म्हणाले, बरं, काळा तर काळा, मग त्याची मान कुठल्या रंगाची? पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. कावळा काळा म्हटल्यावर मान काय हिरवी असणार होय?

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि सगळी फौज शाळेच्या मागं नेली. तिथं खरकट्यावर सात-आठ कावळे जमले होते. पोरं उकिडवी बसून बघायला लागली आणि हळूहळू एकेकाचं तोंड उघडं पडलं. मान काळी नव्हतीच. राखी होती, चुलीतल्या निवलेल्या राखेच्या रंगाची. जन्मल्यापासून ज्याला रोज हाकलत आलो, त्याची मान अडतीसातल्या एकानंही बघितली नव्हती. खरी गोम अशी, की मास्तरांनीही ती आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा बघितली होती. वय चौतीस, नोकरी बारा वर्षं, आणि त्या बारा वर्षांत 'कावळा काळा असतो' हे वाक्य त्यांनी बारा वर्गांकडून पाठ करून घेतलं होतं. त्याची त्यांना अशी काही लाज वाटली, की इथून पुढं सृष्टिज्ञान चार भिंतींत शिकवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मास्तर मूळचे हातकणंगल्याकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. बघायची सवय त्यांना आईनं, अक्काताईनं, लावली होती, तीसुद्धा नकळत. अक्काताई चूल पेटवायच्या आधी प्रत्येक लाकूड जमिनीवर आपटून घ्यायची. आत किडा-मुंगी असली तर निघून जावी, आपल्या हातनं जळू नये. पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून पुन्हा विहिरीतच खळबळायची, म्हणजे गाळलेले जीव आपल्या घरी परत. लहानगा नेमगोंडा ते फडकं उन्हात धरून आत काय वळवळतंय ते बघत बसायचा, आणि आई ओरडायची, की अरे मरतील ती, सोड पाण्यात. आई बघायची पाप लागू नये म्हणून. हा बघायचा तो नुसता बघायचं म्हणून.

शनिवारी शाळा सकाळची असे. त्यातले दोन तास मास्तर पोरांना घेऊन बाहेर पडायला लागले. कधी रंकाळ्याच्या कडेनं, कधी कळंब्याकडं, पण बहुतेक वेळा पंचगंगेच्या घाटावर. प्रत्येकाकडं एक वही आणि वहीला नियम एकच, जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं. पुस्तकात आहे, लोक सांगतात, असलं काही वहीत चालायचं नाही. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, असं एकानं लिहिलं. मास्तरांनी विचारलं, तू बघितलंस? तो म्हणाला, न्हाय, आज्जीनं बघितलंय. मग वही आज्जीला दे, असं म्हणून मास्तरांनी ती ओळ खोडली.

घाटावर त्यांना तात्या भेटले. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, काठीसारखा ताठ. सगळा जन्म संस्थानच्या शिकारखान्यात कारकुनी केलेली, तेव्हा ससाणा कुठला, शिक्रा कुठला, हे पंख पसरायच्या आत सांगायचे. संस्थान विलीन झालं, शिकारखाना गेला, आणि तात्या रोज सकाळी घाटाच्या पायरीवर येऊन बसायला लागले. पोरांचा हा तांडा बघून त्यांना मोठी मौज वाटली. दोन शनिवार ते लांबून बघत राहिले, तिसऱ्या शनिवारी काठी टेकत मागोमाग निघाले. त्यांचा धाकटा मुलगा माधवराव, कोर्टातला नावाजलेला वकील आणि स्कूल बोर्डाचा मेंबर. त्याला बापाचं हे पोरांत पोर होणं पसंत नव्हतं, पण तात्यांना कोण अडवणार?

आता या वर्गात हौसा नावाची एक पोरगी होती, विठाबाई परटिणीची. आई घाटावर लोकांचे कपडे धुणार आणि ही शाळेच्या आधी पिळे झटकून वाळत घालणार. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिनं वहीत लिहिलं, की आईनं काळी चंद्रकळा पिळायला घेतली की कावळे बोंब मारतात आणि जवळ येत नाहीत. मास्तर हसले. म्हणाले, कावळ्याला लुगड्याचं काय गं पडलंय? हौसानं मान खाली घातली, पण ओळ काही खोडली नाही. बघितलंय तर खोडू कशाला, असं तिचं म्हणणं. आपलाच नियम आपल्यावर उलटलेला बघून मास्तर वरमले. मग पुढचे तीन शनिवार त्यांनी तपासच लावला. भाकरीचे तुकडे टाकायचे आणि शेजारी एकानं ओलं फडकं हातात लोंबकळत धरून उभं राहायचं. पांढरं फडकं, कावळे आले. तांबडं फडकं, आले. काळं धरलं मात्र, पिंपळावर नुसता कालवा उठला आणि एक पाखरू खाली उतरेना. फडकं पाठीमागं लपवलं, की थोड्या वेळानं एकेक करून खाली. तात्या म्हणाले, "मेलेला कावळा हातात धरलाय, असं वाटत असणार त्यास्नी. आपल्या माणसाचं मढं बघून कोण जेवायला बसंल?" मास्तर म्हणाले, असेलही, पण ते आपण बघितलेलं नाही, तेव्हा वहीत नको. तात्या यावर इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण घाटावर कावळे जमतात ते कशासाठी? दहाव्याच्या पिंडांसाठी. भात शिजवून पिंड ठेवतात, माणसं मागं सरून उभी राहतात, आणि कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला म्हणायचं. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली. मग एकेकानं पुढं होऊन वचनं द्यायची, आणि तरीही नाहीच आला तर शेवटी दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श घडवायचा. मास्तरांच्या घरात ही रीत नाही. जैनांत पिंड नाही, श्राद्ध नाही. मास्तरांना तिथं दिसले ते फक्त कावळे, रोज ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी येणारे. म्हणून नोव्हेंबर लागल्यापासूनच त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, की लांब पायरीवर बसून मोजा, भात ठेवल्यापासून कावळा यायला किती मिनिटं लागतात. लग्नात सासऱ्यानं दिलेलं मनगटी घड्याळ त्यांनी स्वतः पोरांच्या हातात दिलं. जानेवारीत त्या सगळ्या नोंदींचा मोठा तक्ता झाला, वर खडूनं कावळ्याचं चित्र, मान राखी रंगवलेली, आणि तो वर्गाच्या भिंतीवर लागला. दुसरा कुठलाही मास्तर असता, तर असला तक्ता करायचं त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. यांना त्यात वावगं काही दिसलंच नाही, काय म्हणायचं!

जोतीराम हा गुळाच्या पेठेत हमाली करणारा गडी. त्याचं पोरगं दुसरीत होतं. त्याला न्यायला आलेला जोतीराम ते कावळ्याचं चित्र बघून थांबला. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं हौसाला विचारलं, काय लिवलंय गं बाळ? हौसानं मोठ्या हौसेनं बोट ठेवून वाचून दाखवलं. चोवीस नोव्हेंबर, शनिवार. पिंड पहिला, चार मिनिटं. पिंड दुसरा, सहा मिनिटं. पिंड तिसरा, पावणेनऊला ठेवला, चाळीस मिनिटं, कावळा आला नाही, दर्भाचा कावळा केला. तो तिसरा पिंड जोतीरामच्या आईचा होता. तो पोराला घेऊन निघून गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत संतापाची आग पसरली.

बातमी कळल्यावर मास्तर तसेच उठून जोतीरामच्या घरी गेले. हात जोडून म्हणाले, आमच्यात ही रीत न्हाय, मला कळलं न्हाय, चुकलं. जोतीराम उंबऱ्यात उभा होता, आत या म्हणाला नाही. तो एवढंच बोलला, "तुमच्यात आई मरत न्हाय व्हय, मास्तर?" मास्तर आले तसे परत गेले. त्या रात्री त्यांना झोप कशी ती आली नाही.

चौथ्या दिवशी माधवराव वकील शाळेत आले. तक्ता उतरला आणि फाडला गेला. शनिवारचं फिरणं त्या दिवसापासून बंद. आणि मास्तरांची बदली शाहूवाडीकडं, हुकूम मार्चअखेर निघेल, असं हेडमास्तर अंबादासपंतांच्या समोर त्यांना सांगण्यात आलं. घरी बायकोला, सीताबाईंना, ही बातमी कळली. शाहूवाडीच्या डोंगरात भात आहे, पाऊस आहे, पण बस्ती, जैनांचं देऊळ, कुठली? देवाचं दर्शन झाल्याशिवाय ही बाई तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. त्या नवऱ्याला बोलल्या मात्र काही नाहीत. निमूटपणे ट्रंक काढली आणि भांडी गुंडाळायला जुनी लुगडी शोधायला लागल्या. मास्तरांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. आणि त्याहून जड काय गेलं असेल, तर पुढच्या शनिवारी अडतीस पोरं वह्या मिटून बाकांवर बसली होती आणि बाहेर खरकट्यावर कावळे ओरडत होते.

तात्या मुलावर भडकले. मास्तर चुकला असेल, त्यानं माफी मागितली, संपलं, पण पोरांचे डोळे का बांधतोस, असं त्यांचं म्हणणं. माधवराव हट्टाला पेटले, मीही तुमचाच मुलगा म्हणाले. त्यावर तात्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. एका घरात राहून बाप-लेक एकमेकांकडं न बघता जेवायचे. असे बारा दिवस गेले, आणि तेराव्या दिवशी पहाटे तात्या झोपेतच गेले. अबोला तसाच राहिला.

दहाव्याला मास्तर घाटावर गेले, पण वरच्या पायरीवरच थांबले. आपलं तोंड कुणाला दाखवायची सोय नाही, हे त्यांना ठाऊक होतं. खाली हौसा आईबरोबर धुणं आवरत होती, शाळा अकराची, तिला वेळ होता. गारगोटीकडं शेती बघणारे थोरले चिरंजीव आण्णा क्रियेला बसले होते. माधवराव डोकं भादरून बाजूला उभे. त्यांच्या हातात काळा कोट होता, कोर्टाचा. त्या दिवशी एका खटल्याची तारीख होती आणि ती काही केल्या पुढं ढकलून मिळाली नव्हती. बापाच्या दहाव्याला कोट घेऊन आला, म्हणून बायका आपसांत कुजबुजत होत्या.

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. पिंपळावर कावळे होते, पण खाली कुणी उतरेना. आण्णा म्हणाले, आईला अंतर देणार न्हाय. कावळा आला नाही. म्हशी विकणार न्हाय म्हणाले, धाकट्या बहिणीचं माहेर तुटू देणार न्हाय म्हणाले. छे. उलट कावळ्यांचा कालवा वाढला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माधवरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खटल्यात दहा साक्षीदार उलटले तरी न हलणारा माणूस, पण आता सारखा पिंपळाकडं बघत होता.

मास्तर आधी पिंडाकडं बघत होते, मग कावळ्यांकडं बघायला लागले, ती त्यांची सवय. कावळे पिंडाकडं बघून ओरडत नव्हते. ते माधवरावांकडं बघून ओरडत होते. माधवरावांच्या डाव्या हातावर कोट लोंबकळत होता, बाह्या खाली, वाऱ्यानं हलणाऱ्या. मास्तरांना काळ्या फडक्याचे शनिवार आठवले. त्यांनी खाली उतरायला पाय उचलला.

तेवढ्यात तात्यांची बहीण आक्का पुढं झाली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, पण आवाज खणखणीत. ती म्हणाली, "माधवा, तात्या कशावर रुसून गेला ते समद्या गावाला ठावं हाय. आता तरी बोल की."

आणि मास्तरांनी उचललेला पाय तसाच खाली ठेवला. का ठेवला? खरं सांगायचं तर त्यांना ते वचन हवं होतं. पोरं डोळ्यांसमोर आली, बांधलेली ट्रंक डोळ्यांसमोर आली. एक शब्द न बोलता उभं राहायचं होतं, बस्स. बारा वर्षांत कावळा काळा म्हणून शिकवलं, ते अजाणतेपणी. हे मात्र जाणून-बुजून.

माधवरावांनी कोट मागच्या गड्याकडं दिला, गड्यानं तो वर नेऊन टांग्यात ठेवला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "तात्या, पोरांचं फिरणं बंद होणार न्हाय. मास्तरांची बदली होणार न्हाय. चुकलं माझं." दोन-तीन मिनिटं गेली. मग पिंपळावरनं एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि भाताचा घास घेऊन गेला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. आक्का हमसून रडायला लागली. आण्णांनी भावाला मिठी मारली. माणसं म्हणाली, बघितलंस, तात्यांचा जीव कुठं अडकला होता ते. वरच्या पायरीवर मास्तर उभे होते आणि त्यांना खाली बघवत नव्हतं.

झालं, सगळं पूर्ववत झालं. बदली टळली, सीताबाईंनी ट्रंक उघडली, अंबादासपंत हसून बोलायला लागले. शनिवारी पोरं उड्या मारत बाहेर पडली. सोमवारी वह्या तपासायला आल्या, तेव्हा हौसाच्या वहीत मास्तरांना दहाव्याची नोंद सापडली. मंगळवार, सकाळ. वकिलांच्या हातात काळा कोट होता, तोवर कावळे आले नाहीत. कोट टांग्यात ठेवला, मग आले. वह्या वकीलसाहेब एकदा डोळ्यांखालून घालणार आहेत, असं अंबादासपंतांनी सांगितलेलं. पंतांनीही ती ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, मगदूम, पान फाडा, पोरीला नवी वही मी देतो, घरात आलेली लक्ष्मी लाथाडू नका. मास्तरांनी हौसाला बोलावलं. तिला कुणीतरी आधीच काहीबाही सांगितलं असावं. ती चाचरत म्हणाली, "मास्तर, बघितलं ते लिवायचं, का लोकं म्हणत्यात ते?"

संध्याकाळी जेवण लवकर आटोपून मास्तर वही घेऊन वकिलांच्या दारात उभे राहिले. वही उघडून पुढं ठेवली. काळ्या फडक्याचे तीन शनिवारही दाखवले. म्हणाले, "मला त्या दिवशी वरनं दिसत हुतं, वकीलसाहेब. बोलायला पाहिजे हुतं. मी माझ्या स्वार्थानं गप बसलो. तुम्ही दिलेल्या वचनात आता तुम्ही बांधलेलं न्हाईसा." माधवरावांनी ती ओळ वाचली. मग परत वाचली. वही मिटून मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाले, या आता. घरी आल्यावर मास्तरांनी सीताबाईंना सांगितलं, ट्रंक माळ्यावर टाकू नकोस.

शनिवारी साडेसातला पोरं घाटावर पोचली, तर पिंपळाखाली माधवराव उभे. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कोट. पोरं जागच्या जागी थांबली. वकिलांनी मास्तरांकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरीचे तुकडे फेकले आणि कोट डाव्या हातावर टाकून उभे राहिले, अगदी त्या दिवशीसारखे. वर कालवा उठला. त्यांनी घड्याळात बघितलं. दहा मिनिटं गेली, एक पाखरू आलं नाही. मग कोट घडी घालून हौसाच्या पिशवीत कोंबला. तीन मिनिटांत कावळे खाली. पुन्हा तुकडे, पुन्हा कोट, पुन्हा कालवा. असं त्यांनी तीनदा केलं, कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसं. तिसऱ्या खेपेला कावळे आले तेव्हा ते पायरीवर बसले, तात्या बसायचे त्याच पायरीवर. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

"मास्तर, पाऊण तास मला वाटत हुतं, माझा बाप माझं तोंड बघायला तयार न्हाय. आणि वचन दिल्यावर आला, म्हणजे मी सौदा केला तवा आला. गेले दहा-अकरा दिवस तेच खातंय मला. कोटामुळं कावळं आलं नसतील, तर मग तात्या माझ्यावर रागावून गेलं नव्हतं."

मास्तरांना फार वाटलं की हो म्हणावं. पण ते म्हणाले, "ते मला सांगता यायचं न्हाय, वकीलसाहेब. कावळ्यास्नी कोट नको हुता, एवढंच वहीत हाय."

"तेवढं पुरं हाय मला," माधवराव म्हणाले.

पोरं पुढं गेली, वकील तिथंच बसून हौसाची वही चाळत होते. चाळता चाळता ते थांबले. काळ्या चंद्रकळेची पहिली नोंद कधीची, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, नोव्हेंबरातली. तारीख कुठली? मास्तरांनी वाकून बघितलं. चोवीस नोव्हेंबर, शनिवार. सकाळी नऊला आई काळी चंद्रकळा पिळत होती, कावळे जवळ आले नाहीत. मास्तरांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. तक्ता फाटला होता, पण त्यावरची ती ओळ त्यांना तोंडपाठ होती. पिंड तिसरा. तोच शनिवार, तोच घाट, तीच वेळ. एका कागदावर जोतीरामचा कावळा न आल्याची नोंद होती आणि दुसऱ्या कागदावर तो का आला नसेल त्याची. पोरांना बघायला शिकवणाऱ्या मास्तरानं ते दोन कागद तीन महिन्यांत एकदाही शेजारी-शेजारी धरले नव्हते.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर, माधवराव आणि हौसा जोतीरामच्या घरी गेले. वकील दारात आलेले बघून जोतीरामनं घोंगडं अंथरलं, पण मास्तरांकडं बघितलं नाही. माधवरावांनी आपल्या कोटाची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली, काही आडपडदा न ठेवता. मग हौसानं वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. तारीख वाचली, वेळ वाचली, चंद्रकळा वाचली. जोतीराम ऐकत होता. त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. पोरीचं वाचून संपलं.

मग जोतीराम घोंगड्यावर सरकला, मास्तरांना बसायला जागा केली, आणि हौसाला म्हणाला, "पुन्यांदा वाच."